कबरीवरचा हुद्दा

आमच्या कुटुंबाच्या कबरीवरील दगड गेल्या पावसाळ्यात दुभंगला आणि नवा बसवायचे ठरले. जुन्या दगडावर सर्वांत वर पणजोबांचे नाव, त्याखाली ‘सुभेदार’ हा हुद्दा आणि मग ‘बगदादच्या लढाईत वीरमरण, १९१७’ अशी ओळ होती. पणजोबांचा देह त्या कबरीत नाही. तो टायग्रिस नदीच्या काठी कुठेतरी मातीला मिळाला आहे. पाथरवटाने मजकूर लिहून मागितला. जुना मजकूर उतरवून देणे एवढेच माझे काम होते. तेवढ्यावर थांबलो असतो, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

सुभेदारांची कथा आमच्या घरात प्रत्येक मुलाने ऐकली आहे. पलटणीच्या अग्रभागी राहून ते बगदादच्या वेशीपर्यंत पोहोचले आणि तेथे छातीवर गोळी झेलून पडले. पुरावा म्हणून कपाटातले पदक दाखवीत. त्यावरचा घोडेस्वार म्हणजे पणजोबाच, असे लहानपणी आम्ही समजत असू. (तो घोडेस्वार संत जॉर्ज आहे आणि त्याच्या अंगावर वस्त्र नाही, ही गोष्ट मोठ्यांनी आमच्यापासून शिताफीने लपवली.) पदक चांदीचे, केवळ जुनेपणामुळे काळे पडलेले, असे सांगितले जाई.

हुद्दा अचूक कोरावा म्हणून मी पदक चिंचेने घासले. ते चांदीचे निघाले नाही, ब्राँझचे निघाले. पहिल्या महायुद्धाचे हे ब्रिटिश पदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळे. फौजेबरोबर राबणाऱ्या बिनलढाऊ माणसांना तेच पदक ब्राँझमध्ये दिले जाई. कडेवर क्रमांक, नाव आणि त्यांच्यामध्ये एक इंग्रजी शब्द होता: कूक. पुढे धर्मग्रामाच्या विवाहनोंदवहीत त्यांच्या नोंदीशेजारी, समासात, तेव्हाच्या धर्मगुरूंनी लिहिलेली ओळ सापडली. अमारा येथील इस्पितळात तापाने निधन. ना बगदाद, ना गोळी.

सरकारी भाषेत अशा माणसांना फॉलोअर म्हणत, म्हणजे मागून चालणारे. स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, डोलीवाले, खेचरे हाकणारे. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून असे पाच लाख त्रेसष्ट हजारांहून अधिक लोक भरती झाले. अमारा १९१५ च्या जूनमध्ये इंग्रजी फौजेच्या हाती आले आणि लगोलग इस्पितळांचे गाव बनले. १९१७ च्या एप्रिलात तेथे सात मोठी लष्करी इस्पितळे होती. तेथील हिंदी दफनभूमीत सुमारे पाच हजार माणसे विसावली आहेत. त्यांपैकी ओळख पटली ती फक्त नऊ जणांची, कारण कोणाला कोठे पुरले याची नीट नोंदच ठेवली गेली नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत, साध्या शिपायांची मात्र पलटणीवार संख्या तेवढी दिली आहे. पणजोबा खरेच सुभेदार असते, तर त्यांचे नाव दगडावर येण्याची काही आशा होती. युद्धात पडलेल्यांच्या कबरी राखणाऱ्या आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या विषमतेची कबुली दिली आणि क्षमा मागितली. शतक उलटून गेले होते.

चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते, आठवी खोट्या साक्षीला मनाई करते. धर्मशिक्षणाच्या वर्गात या दोन आज्ञा एकमेकींच्या आड येताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. कबरीशी उभा राहिलो तेव्हा त्या आल्या.

पणजींना मी दोष देऊ शकत नाही. तीन लहान मुले, हाताशी थोडीशी भातशेती आणि भाऊबंदांचा डोळा त्या शेतीवर. सुभेदाराच्या विधवेच्या बांधावर पाय ठेवताना माणूस दोनदा विचार करतो. स्वयंपाक्याच्या विधवेचा तितका धाक कोण बाळगणार? तिचे असत्य तिच्या मुलांच्या भाकरीला लागत होते. पण १९७४ साली आम्ही तो दगड बसवला, तेव्हा घरात कोणी उपाशी नव्हते. पदक कपाटात होते, इंग्रजी वाचता येणारी माणसे घरात होती. कडेवरचा शब्द कोणीच वाचला नाही, की वाचून गप्प राहिले? मला दुसरेच खरे वाटते. आम्ही त्यांचा मान राखत होतो असे म्हणणे सोपे आहे. खरे तर ज्या माणसाने परमुलखात चूल पेटवून घरी मनिऑर्डर पाठवली, त्याची आम्हाला लाज वाटत होती. म्हणून त्याच्या जागी आम्ही दुसराच कोणी माणूस उभा केला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याच्या नावाने मिस्सा अर्पण करीत आलो. देवाला आपले माणूस ठाऊक असते, एवढाच दिलासा.

मात्र दफ्तराची साक्ष म्हणजे संपूर्ण सत्य, असेही मी मानत नाही. लष्कराने पदकाच्या धातूपुरती त्यांची गणना केली. त्यांच्या आईबापांची नावे फक्त बाप्तिस्म्याच्या नोंदीत आहेत. आणि आता ‘स्वयंपाकी असूनही ते वीरच होते’ अशी नवी कथा रचण्याचा मोह मला होतो आहे, तोही मी ओळखून आहे. ते भित्रे होते की धीट, दोन्ही नोंदी सांगत नाहीत.

मोठ्या आत्याला सांगावे की नाही, यावरून घरात दोन तट पडले. तिचे वय नव्वद. पणजींच्या मांडीवर बसून तिने ही कथा ऐकलेली. जाता जाता तिच्याकडून तिचा सुभेदार हिरावून घ्यायचा, हे धाकट्या भावाला क्रूर वाटले. मलाही वाटले. तरीही दगडावर तिचेही नाव एक दिवस येणार, आणि तिला न विचारता त्यावरचे एक अक्षर बदलणे मला पटेना. एका संध्याकाळी जपमाळ संपल्यावर मी पदक तिच्या हाती दिले आणि सगळे सांगितले.

तिने ते बराच वेळ बोटांनी चाचपले. मग विचारले, “काय रांधायचा रे तो त्यांच्यासाठी?”

मला सांगता येईना. ती म्हणाली, “आजी कधी मासळीला मीठ चाखून बघायची नाही. म्हणायची, हे मला तुझ्या आजोबाने शिकवलं. मी म्हणायचे, सुभेदाराला काय कळतंय मीठ?”

पाथरवटाला मी नाव, बापाचे नाव, गाव, ‘स्वयंपाकी’ आणि ‘अमारा, १९१७’ एवढे लिहून दिले आहे.