ठोका चुकल्यासारखा वाटतो तेव्हा

विश्रांतीच्या वेळी निरोगी हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा धडधडते. काहींच्या हृदयात विद्युतसंदेशाची एखादी जादा वाट असते, आणि हा वेग अचानक १५० च्या पुढे जातो. कॅथेटर अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती वाट बहुधा उष्णतेने बंद करतात.

त्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. जांघेतला काळानिळा डाग पिवळसर होत दोनेक आठवड्यांत मावळतो. साधारण आठवडाभर भरलेली बादली उचलू नये. जांघेतून रक्त आले, छातीत दुखले, धाप लागली किंवा भोवळ आली, तर लगेच डॉक्टरांना गाठावे.

मनाला मात्र जास्त वेळ लागतो. रात्री डाव्या कुशीवर वळताच ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि बोटे आपसूक मनगटावर जातात. सुरुवातीच्या आठवड्यांत असे सुटे ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. हळूहळू नाडी मोजण्याची सवय सुटते. जिना चढताना वाढलेली धडधड माथ्यावर पोचल्यावर शांत होते, आणि तिच्यावरचा विश्वास परत येतो.