दाराच्या आतली भूमिका

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री ‘लास पोसादास’ साजरे होतात. मेणबत्त्या घेतलेला एक जथा बंद दारापुढे उभा राहतो आणि येशूच्या आईचा पती जोसेफ याच्या वतीने, गाण्यातून, रात्रीपुरता आसरा मागतो. बायको गरोदर आहे, प्रवासाने थकली आहे. दाराआडचे लोकही गाण्यातूनच उत्तर देतात: तुम्ही चोर-भामटे नसाल कशावरून, निघा इथून. कडव्यामागून कडवे ही विनवणी आणि हा नकार चालू राहतो. अखेर दारात कोण उभे आहे ते आतल्यांना उमगते, दार उघडते आणि सगळे एकत्र जेवतात. स्थलांतर आणि समावेशन शिकवण्यासाठी आज जे भूमिका-खेळ घेतले जातात, त्यांचे नाते अशा विधींशी आहे. मात्र त्यांतले पुष्कळसे खेळ एकच बाजू उचलतात, बाहेरची. विद्यार्थ्याला निर्वासित करायचे, रांगेत ताटकळत ठेवायचे, न कळणाऱ्या भाषेतला फॉर्म हातात द्यायचा. दुसऱ्याच्या जागी उभे राहिले की माणूस न्यायाने वागू लागतो, अशी त्यामागची श्रद्धा आहे. मला ती अपुरी वाटते. अशा खेळातले सर्वांत मोलाचे शिक्षण दाराच्या आत उभ्या असलेल्याचे होते.

बाहेरच्याचे सोंग घेऊन नेमके काय कळते? नॉर्वेत २००१ साली ‘युरोपा’ नावाचा लार्प, म्हणजे दिवसेंदिवस भूमिकेत राहून जगायचा खेळ, झाला. त्यात कल्पिलेले युद्ध उत्तर युरोपात पेटले होते, आणि तिथली माणसे बाल्कन प्रदेशातल्या एका काल्पनिक देशाच्या छावणीत आश्रय मागत होती. कल्पना धीट होती, पण खेळ संपला की घरी जाता येते हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते, आणि निर्वासिताला नेमके तेच नसते. याहून गंभीर अडचण दुसऱ्या क्षेत्रातल्या अभ्यासांतून पुढे आली आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा ‘अनुभव’ घेतलेल्या लोकांचे मत अमेरिकेत २०१४ च्या सुमारास तपासले गेले. अंध माणसे नोकरी करू शकतात, स्वतंत्र राहू शकतात यावरचा त्यांचा विश्वास अनुभवानंतर कमी झालेला दिसला. कारण उघड आहे. पट्टी बांधलेला माणूस अंधत्वाचा पहिला तास जगतो. वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य त्याच्या वाट्याला येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपंगत्वविषयक अभ्यासातही असेच दिसले: अशा नकलांनी जिव्हाळा वाढला, पण सोबत असहायतेची भावनाही वाढली, आणि अपंगांशी वागण्याबाबतची वृत्ती सुधारली नाही. निर्वासिताचे सोंग घेणाऱ्यालाही असाच पहिला तास मिळतो. नवी भाषा शिकणारी, गावाकडे पैसे पाठवणारी, दोन खोल्यांत चार कुटुंबांचा संसार सांभाळणारी माणसे त्याला दिसतच नाहीत. दिसते ते फक्त त्यांचे दैन्य. दैन्यातून कणव उपजते, आणि नुसती कणव बरोबरीचा हक्क द्यायला क्वचितच तयार होते. रूसोने १७५८ मध्ये नाटकावर हाच आक्षेप घेतला होता: प्रेक्षागृहात रडून माणसाला आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते.

यावर एक सबळ आक्षेप येतो. ५ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, आयोवातल्या राइसव्हिल गावात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून श्रेष्ठ-कनिष्ठ अशी विभागणी केली. श्रेष्ठ ठरलेली मुले बघता बघता वर्गमित्रांना हिणवू लागली. मग तिने भूमिका उलटवल्या, आणि या खेपेला छळ बराच सौम्य झाला असे तिने नोंदवले आहे. म्हणजे बाहेर उभे राहण्याचा उपयोग झालाच की! झाला, हे मी मान्य करतो. पण कधी झाला? त्या मुलांच्या हाती सत्ता आली तेव्हा. सोसलेल्याचे काय करायचे हा निर्णय घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नसती, तर तो अपमान निव्वळ एक वाईट आठवण होऊन राहिला असता.

धर्मपरंपरेतला पुरावाही इथे विचारात घ्यावा लागतो. वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबे कडू पाला आणि बेखमीर भाकर खातात, मिसरातल्या गुलामगिरीतून आपण स्वतः बाहेर पडलो असे समजून त्या सुटकेची कथा म्हणतात. उपऱ्याला छळू नका, तुम्हीही उपरे होता, ही आज्ञा तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात पुनःपुन्हा येते. या विधीच्या पोथीची मराठी प्रत १८७४ साली पुण्यात छापली गेली. ती कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजासाठी होती आणि तिच्या चित्रांत भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. याच समाजातले लोक १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. तिथे १९६२ च्या सुमारास रब्बींच्या प्रमुख पीठाने विवाहनोंदणीआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. निदर्शने झाली, ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेला बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे सांगावे लागले, आणि मग तो आदेश बदलला. वंशावळ मागणारे आणि द्यावी लागणारे, दोघेही दरवर्षी मिसरातून निघत होते. यावरून तो विधी व्यर्थ ठरत नाही. निदर्शकांच्या बोलण्याला वजन आले ते त्याच सामायिक स्मृतीमुळे. पण निघणाऱ्याची भूमिका हजारदा वठवूनही नोंदवही हातात आल्यावर कसे वागायचे ते आपोआप समजत नाही, एवढे मात्र त्यातून कळते.

आतली भूमिका दिल्याने मुलांना निष्ठुरपणाचीच चटक लागेल, अशी भीती घातली जाते, आणि ती पोकळ नाही. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगात पहारेकऱ्यांची भूमिका दिलेले महाविद्यालयीन विद्यार्थी सहा दिवसांत इतके बहकले की प्रयोग आटोपता घ्यावा लागला. पण त्यांना कडक वागायला मुद्दाम उत्तेजन दिले होते आणि मध्ये थांबवून प्रश्न विचारणारे जवळपास कोणी नव्हते. वर्गातला खेळ छोटा ठेवता येतो, शिक्षकाला तो कधीही थांबवता येतो. ज्यांच्या घरात विस्थापन खरोखर घडले आहे, त्या मुलांना त्यात कोणतीही भूमिका करायची सक्ती होऊ नये. बाकीच्यांना टेबलामागे बसवावे, हाती नियमांचा कागद द्यावा आणि समोर दहा अर्ज ठेवून तीनच मंजूर करायला सांगावे. मग प्रत्येक नकाराचे कारण त्यांच्याकडून लिहून घ्यावे, आणि ज्याचा अर्ज फेटाळला त्याच्यासमोर ते मोठ्याने वाचायला लावावे. तो नियम कोणी केला आणि तो बदलायचा असेल तर कुठे जायचे, ही चर्चा त्यानंतर सुरू करावी.