बोचकारणाऱ्या मांजराला क्षमा करता येईल काय?

पाळलेल्या मांजराने घरातील माणसाचा हात बोचकारला, तर त्याला शिक्षा करावी की क्षमा? प्रार्थना, दुःख, मृत्यू अशा विषयांवर चिंतन करणाऱ्या वाचकांना हा प्रश्न कदाचित क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या कितीतरी कुटुंबांत या प्रश्नाचा निकाल रोजच लागत असतो. कधी तो केरसुणीच्या फटक्याने लागतो, कधी अंगावर फेकलेल्या पाण्याने, तर कधी मांजराला पोत्यात घालून दूरच्या मासळीबाजारात सोडून येण्याने. न्याय केला जातो, मात्र आरोपी कोण आणि त्याचा अपराध कोणता, याचा विचार होत नाही. तो येथे करावा असे आम्हांला वाटते.

१३८६ साली फ्रान्समधील फालेझ या गावी एका डुकरिणीवर बालहत्येचा खटला चालला आणि तिला फाशी देण्यात आली. ही हकिकत वाचून आपण हसतो. पण घरातील मांजर चावल्यावर आपण काय बोलतो ते आठवून पाहू. “मुद्दाम चावले,” “डूख धरून बसले आहे,” “खाल्ल्या मिठाला जागले नाही.” ही तीन वाक्ये म्हणजे तीन आरोपच आहेत. पहिला हेतूचा, दुसरा द्वेषाचा आणि तिसरा कृतघ्नतेचा. हे तिन्ही दोष घडण्यासाठी बरे-वाईट ओळखणारी बुद्धी आणि त्यांतून निवड करणारी इच्छाशक्ती लागते. फालेझच्या न्यायाधीशांनी त्या जनावरावर जे लादले, तेच आपण आपल्या मांजरावर लादत असतो.

त्या खटल्याच्या शंभर वर्षांपूर्वीच संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाला उत्तर देऊन ठेवले होते. ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात त्यांनी विवेकहीन प्राण्यांना शाप देणे व्यर्थ, आणि म्हणूनच गैर ठरवले आहे. जेथे विवेक नाही तेथे पाप नाही. आणि जेथे पाप नाही तेथे शिक्षेला आधार उरत नाही. इथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. मात्र याच विचाराचे दुसरे टोक आपल्या ध्यानात येत नाही. मांजराला जशी शिक्षा करता येत नाही, तशी क्षमाही करता येत नाही. वेगळे वागणे ज्याच्या हाती असूनही जो तसे वागला नाही, त्यालाच क्षमा करायची असते. “मी त्याला मोठ्या मनाने क्षमा केली,” असे म्हणणारा सज्जन आणि काठी उगारणारा तापट गृहस्थ हे दोघेही मांजराला अपराधीच समजत असतात.

मग आपल्या हाती उरते काय? समजून घेणे. हे काम शिक्षेपेक्षा आणि क्षमेपेक्षाही अधिक कष्टाचे आहे.

मांजराला माणसाने दावे लावून घरी आणलेले नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे तेथील रानमांजर आपल्या पायांनी वस्तीपाशी आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. पवित्र शास्त्रातही या प्राण्याचा उल्लेख येतो, तो बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात. मूर्तींच्या अंगावर पाखरे बसतात, तशी मांजरेही खुशाल जाऊन बसतात, असे तेथे म्हटले आहे. मांजराच्या लेखी सिंहासन आणि ओटा सारखाच!

हा एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. कुत्र्याप्रमाणे टोळीतील नायकाचे ऐकणे त्याच्या स्वभावात नाही. शिवाय तो जसा शिकारी आहे, तसाच मोठ्या जनावरांचे भक्ष्यही आहे. त्यामुळे धास्ती त्याच्या रक्तातच असते. मारल्याने त्याला शिस्त लागत नाही. हा हात आला की वेदना होते, एवढेच ते शिकते आणि पुढच्या वेळी हात येण्याआधीच नख्या काढते.

त्याच्या आक्रमकपणाची कारणे शोधू गेल्यास बहुधा सापडतात. एरवी शांत असलेले मांजर एकाएकी चावू लागले, तर प्रथम दुखण्याची शंका घ्यावी. किडलेला दात, सांधेदुखी किंवा पोटातील विकार त्याला बोलून दाखवता येत नाही. आईजवळून आणि भावंडांतून फार लवकर उचललेल्या पिल्लाला किती जोराने चावावे याची जाण येत नाही. वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास ज्याला माणसाचा प्रेमळ हात लागला नाही, ते पुढे माणसाला बिचकत राहते. काही मांजरांना गोंजारणे थोडा वेळच आवडते. शेपूट आपटू लागणे, पाठीची कातडी थरथरणे, कान मागे वळणे, बुबुळे मोठी होणे, या खुणांनी ते “आता पुरे” असे सांगत असते. आपण ते वाचत नाही आणि मग “काही कारण नसताना चावले” म्हणतो. आणखी एक प्रकार असा की, खिडकीतून परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि तो सारा क्षोभ शेजारून जाणाऱ्या घरच्या माणसाच्या पायावर निघतो. वड्याचे तेल वांग्यावर काढणे, ही म्हण आपण माणसांनी माणसांसाठीच रचली आहे!

आपल्या वाड्यांतील कौलारू घरांत मांजर अर्धे घरचे आणि अर्धे अंगणाचे असे. माड, विहिरीचा काठ, गवताची गंजी हे त्याचे राज्य होते. आज अनेक कुटुंबे सदनिकांत राहतात आणि त्यांचे मांजरही चार भिंतींत राहते. त्याची शिकार गेली, पळून जायची वाट गेली, चढून बसायची जागा गेली. वरून ते चिडले की आपण त्याला कोपऱ्यात गाठून जाब विचारतो.

उपाय साधेच आहेत, पण ते धीर मागतात. मांजर फिस्कारत असताना त्याला हात लावू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, ओरडू नये. त्याला निघून जायला वाट द्यावी आणि पूर्ण शांत होईपर्यंत, प्रसंगी काही तास, एकटे सोडावे. कपाटावर एखादी उंच जागा आणि लपायला खोके द्यावे. दोरीला चिंधी बांधून रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटे त्याला शिकारीचा खेळ खेळवावा. स्वतःच्या बोटांशी मात्र खेळू देऊ नये. दोन मांजरे असतील तर त्यांची ताटली आणि वाळूचा डबा वेगवेगळा ठेवावा. बोक्यांची भांडणे नसबंदीने पुष्कळ कमी होतात. मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटावे व उघडावे. असे करणाऱ्या अनोळखी माणसाजवळही मांजरे अधिक सहजपणे येतात, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० साली आढळून आले.

असिसीच्या संत फ्रान्सिसची गुब्बिओच्या लांडग्याविषयीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संताने क्रूसाची खूण करताच लांडगा नमला, एवढाच भाग आपल्या लक्षात राहतो. पण कथेचा गाभा पुढेच आहे. लांडगा भुकेपोटी हे सारे करतो, हे फ्रान्सिसने ओळखले. त्याने लांडग्याकडून अभय मिळवले आणि गावकऱ्यांकडून त्याला रोज अन्न देण्याचे वचन घेतले. करार दोन्ही बाजूंनी झाला. कारण दूर झाल्याशिवाय शांती टिकत नाही, हे त्या संताला ठाऊक होते.

येथे कोणी आक्षेप घेईल. प्रत्येक चाव्यामागे कारण असते म्हणून मांजर निर्दोष ठरत असेल, तर दारू पिऊन बायकोवर हात उगारणाऱ्या नवऱ्याच्या रागामागेही कारण असतेच. मग तोही निर्दोष काय? नाही. कारण आणि कृती यांच्यामध्ये मांजराला थांबता येत नाही. माणसाला थांबता येते. ती थांबण्याची जागा हेच परमेश्वराने माणसाला दिलेले स्वातंत्र्य होय. म्हणून मांजर आणि माणूस यांच्या भांडणात स्वातंत्र्य एकाच बाजूला असते, आणि जबाबदारीही त्याच बाजूला. भीतीतून नखे, नखांतून मार आणि मारातून अधिक भीती, हे चक्र जाणूनबुजून थांबवू शकेल असा त्या घरात माणसाखेरीज कोणी नाही.

याचा अर्थ मांजर माणसाच्या बरोबरीचे झाले, असा नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या काथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. प्राण्यांशी दयेने वागणे हे आपले देणे आहे आणि त्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. पण माणसांच्या दैन्यनिवारणासाठी आधी खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय आहे, असे तो सांगतो. घरात तान्हे मूल असेल तर त्याची सुरक्षितता प्रथम. मांजर चावले वा त्याचे नख लागून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद-चुना लावत बसू नये आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मांजर सांभाळणे खरोखरच अशक्य झाले, तर त्याच्यासाठी दुसरे घर शोधावे. उपासमार होईल अशा ठिकाणी त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि हा गुन्हा करणाऱ्याला मात्र विवेक असतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो. नाव देण्यासाठी आधी निरखून पाहावे लागते. आपण पाहण्याचे कष्ट टाळतो आणि नुसती नावे ठेवतो. पशूंवर मिळालेली सत्ता म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे, असे पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. ज्याला आपला शब्द कळत नाही, जो आपल्याला उत्तर देऊ शकत नाही आणि ज्याला आपण सहज चिरडू शकतो, अशा जिवापुढे आपण कसे वागतो, यावरून त्या सत्तेची परीक्षा होते. घरातील लहान मुले हे सारे पाहत असतात. बोचकारलेला हात मागे घेऊन आई “ह्याला काही दुखतंय का, पाहू या,” असे म्हणाली, तर धर्मशिक्षणाचा एक पाठ त्यांना त्या दिवशी घरीच मिळालेला असेल.