ब्रिसिअसची मुलगी

'इलियड' पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'ब्रिसेइस' हे नाव मला भारी आवडलं होतं. मग अर्थ कळला: ब्रिसिअसची मुलगी. बस्स, एवढंच. क्रिसेइसही तशीच, क्रिसीसची मुलगी. अकिलीस आणि अगामेम्नॉनचं भांडण पेटतं ते या दोघींवरूनच. आपली द्रौपदीही द्रुपदाची मुलगी, पण तिला निदान 'कृष्णा' हे स्वतःचं नाव आहे.

नंतरच्या ग्रीक टीकाकारांनी ब्रिसेइसचं 'खरं' नाव दिलंय: हिप्पोदामेइया, म्हणजे घोड्यांना काबूत आणणारी. माझ्या टिपणांत मी लगेच तेच टाकलं. कोडमध्ये चुकीचं नाव दिसलं की बदलतो, तसं. पण हे नाव 'इलियड'मध्ये तिला कुणीच देत नाही. मग मी तिला न्याय देतोय, की आणखी एका परक्याने ठेवलेलं नाव चिकटवतोय?

१९व्या सर्गात ती बोलते, अख्ख्या काव्यात एकदाच. पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी रडताना सांगते: नवरा डोळ्यांदेखत गेला, तिन्ही भाऊ गेले, तू मात्र नेहमी मायेने वागलास. त्यात ती पॅट्रोक्लसला नावाने हाक मारते. स्वतःचं नाव घेत नाही.

टिपणांत मी परत 'ब्रिसेइस' केलंय. शेजारी कॉमेंट ठेवलीय: हे नाव बापाचं.