घरचं जेवण, पण कोणाच्या घरचं?

मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली की डबे उघडतात. मीही उघडतो. ज्वारीची भाकर, चून, एखादी मिरची. कापसाची धूळ नाकातोंडात बसलेली असते, तरी भाकरीचा वास येतोच. मग कोणीतरी म्हणतो, "हॉटेलात कितीही खा, घरच्या जेवणाची चव नाही." सगळे माना हलवतात. मीही इतकी वर्षं हलवत होतो. आता मान हलत नाही. एक सवाल आडवा येतो. घरचं म्हणजे कोणाच्या घरचं?

सांगतो. माझ्या खात्यात एक दोस्त आहे. जातीनं वरचा. पाळी सुटली की हिंगणघाटच्या बसस्टँडजवळ आम्ही दोघं एकाच प्लेटीत आलूबोंडा खातो, वरून तर्री मागून घेतो. चार वर्षं झाली. कधी पैसे तो देतो, कधी मी. गेल्या दिवाळीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं फराळ दिला. आग्रह करकरून दिला. पण ओसरीत, कागदाच्या प्लेटीत. आत बाकीचे स्टीलच्या ताटल्यांत खात होते. खाऊन झाल्यावर प्लेट मीच बाहेर फेकून आलो. दोस्त खाली पाहत होता. चकली मात्र खुसखुशीत होती. तेच जास्त झोंबलं.

हॉटेलात चालतो तो दोस्त घरात का चालत नाही?

मित्रांनो, मी यावर रातपाळीत खूप विचार केला. घरचा सैपाक गोड का लागतो? करणारीला माहीत असतं, कोण जेवणार आहे. कोणाला तिखट लागतं, कोण उपाशी कामावर गेला, हे ओळखून ती भाकर थापते. हॉटेलवाला मला ओळखत नाही. त्याला पैसे पाहिजेत. म्हणून त्याच्या रश्शाला माया नाही. पण घर ज्या ओळखीनं माया लावतं, त्याच ओळखीनं जातही विचारते. हॉटेल ओळखत नाही, म्हणून तिथं मी नुसता गिऱ्हाईक असतो. नुसता माणूस. आपल्यासाठी ही काय लहान गोष्ट आहे?

आणि हेही कोणी फुकट दिलं नाही. आपल्या आज्यांना हॉटेलच्या बाहेर बसून वेगळ्या कपात चहा प्यावा लागे, आणि तो कप स्वतःच धुवावा लागे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं चहाचं हॉटेल काढलं. महाराज स्वतः तिथं चहा प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. एका कपानं तेव्हा गाव हादरत होतं. पुढं 26 जानेवारी 1950 पासून घटना लागू झाली. तिच्या 15 व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी यांची नावं घेऊन भेदभावाला बंदी आहे. 1955 साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. आता हॉटेलवाला मला अडवू शकत नाही.

पण कलम पुन्हा वाचा. त्यात कोणाच्या घरची चूल नाही. कायदा ओसरीपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. आपल्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी 1928 साली लक्ष्मीनारायण मंदिर आपल्यासाठी उघडलं. देवाचं दार उघडलं. सैपाकघराचं दार त्याहून जाड असतं. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून आपल्या माणसांना विणाईखात्यात घेत नसत. सुताला थुंकी लागते म्हणून. 1928 च्याच संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. तोंडाशी आलं की युनियनवाल्यालाही जात आठवते. 1936 साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटलं होतं की सहभोजनानं जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्न. मला आधी वाटायचं, बरोबर जेवलं की झालं. आता कळते. हॉटेलात बरोबर जेवणं सोपं, नातं लागत नाही.

इथं लेख संपवला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण खोटा झाला असता.

मागच्या महिन्यात मातंग वस्तीतला एक साथी माझ्या घरी आला. आमच्या अभ्यासवर्गातला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मायनं त्याला पाणी दिलं, चहा दिला. जेवायची वेळ होती, पण जेव म्हटलं नाही. तो गेल्यावर हळूच म्हणाली, "मांगाचा होय नं तो?" मी हातातला घास ठेवला. तेवढ्यात दिसलं, मायचं ताट अजून वाढलेलंच नव्हतं. दिवसभर कापूस वेचून आलेली. मी म्हटलं, "माय, तू?" "तू खाय बापा, मी जेवतो मंग." असं ती मी समजायला लागलो तेव्हापासून म्हणते. मी कधी थांबलो नाही. घरच्या चवीत तिची भूक होती, आणि मी ती गोड म्हणून खात आलो.

पुढच्या रविवारी मी साथीला जेवायलाच बोलावलं. माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अंबाडीची भाजी निवडायला घेतली. तिघं एका ओळीत बसलो. ती जरा दूर बसली, पण बसली. भाकरी कमी पडल्या.

दोस्तहो, जयंतीला आपण मोठं भोजनदान करतो, शेकडो ताटं वाढतो. चांगलं आहे. पण एक हिशेब तुम्ही आपापल्या घरी करा. वर्षभरात तुमच्या चुलीपाशी तुमच्या जातीबाहेरचा कोण बसला? आणि तुमची माय कितव्यांदा तुमच्या आधी जेवली?

मिलमधला तो दोस्त परवा म्हणाला, "तुझ्या घरी येऊ का एकदा?" मी ये म्हटलं आहे. ताट स्टीलचंच वाढीन.