भंडाऱ्यावर भाकरी कोण नेतं?

संध्याकाळी सातला मारुंजीसारख्या गावात दोन हजेऱ्या लागतात. देवळात टाळकरी हरिपाठाला उभे राहतात आणि समोरच्या उंच इमारतींत कानाला हेडफोन लावलेली माणसं अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलायला बसतात. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून आहे. वडील मीटिंगमध्ये, मुलगी क्लासला, आई वाकडच्या वाहतुकीत अडकलेली, हे इथलं नेहमीचं घर. अशा घराला ‘रोज थोडा वेळ शांत बसा’ असं सांगायला कोणाचं काय जातं? प्रश्न त्यापुढचा आहे. घर शांत बसतं, तेव्हा कुकर कोण लावतं?

हा प्रश्न मारुंजीच्या पंचक्रोशीला नवा नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. पुढे ते एकांतासाठी देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर जाऊन बसू लागले. माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्यावर आजही वारकऱ्यांची गर्दी होते. त्या डोंगरावरच्या चिंतनाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण परंपरेने आणखी एक आठवण जपली आहे: तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढायच्या. वाटेत पायात काटा रुतला आणि तो विठोबाने स्वतः काढला, अशी कथा आहे. कीर्तनात जिजाबाई बहुधा कजाग बायको म्हणून येतात आणि श्रोते हसतात. मला मात्र या कथेत लोकांनी मांडून ठेवलेला हिशेब दिसतो. ध्यानाला बसलेल्या माणसाकडे जाण्याआधी देव भाकरी नेणारीच्या पायाशी वाकला. एकाच्या स्थिरतेमागे दुसऱ्याची पायपीट असते, हे लोकांना कळत होतं. पायपिटीची पाळी बदलावी, असं मात्र कोणी म्हटलं नाही.

पाळी न बदलल्यामुळे काय होतं, ते बहिणाबाई शिऊरकरांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितलं आहे. तुकोबांना गुरू मानणाऱ्या या बाईंना भक्तीच्या ओढीपायी नवऱ्याचा मार खावा लागला. एकांतासाठी त्यांच्या वाट्याला डोंगर नव्हता. जे काही साधलं, ते संसारात राहूनच.

घरातल्या थांबण्याची एक वेळ आपल्या जुन्या घरांनी राखली होती. तिन्हीसांजेला केर काढू नये, झोपू नये, वाद घालू नये. देवापाशी दिवा लागायचा, मुलं शुभंकरोती म्हणायची, पाढे आणि परवचा व्हायचा. यातल्या ‘नये’ मध्ये मोठं शहाणपण होतं: थांबायचं कधी हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. पण याच वेळी चूल पेटलेली असे, आणि चुलीपुढच्या बाईला ‘आता उठ’ असं सांगणारा एकही ‘नये’ नव्हता. उपवासाचीही तीच गत. एकादशीला घरच्यांचं पोट हलकं होतं. साबुदाणा भिजवणारीचं काम वाढतं.

या बाबतीत जैनांच्या सामायिकाकडून शिकण्यासारखं आहे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी हे एक. म्हणजे ते संसारी माणसासाठीच सांगितलेलं आहे. मुदत दोन घटिकांची, ४८ मिनिटांची. तेवढा वेळ आसनावर बसायचं. स्वयंपाक नाही, व्यवहार नाही, फोन नाही. सामायिकाला बसलेल्या बाईला घरातलं कोणी हाक मारत नाही, कारण ती ‘व्रतात’ आहे. व्रताने तिला कामाला नकार देण्याचा हक्क दिला, आणि घरातल्या थोरामोठ्यांना तो मान्य करावा लागतो. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाणं मोलाचंच आहे. पण तिथे जाता यावं म्हणून मागे कोणीतरी घर सांभाळत असतं. ४८ मिनिटांसाठी घर सोडावं लागत नाही.

‘आपापल्या घरात बसा की, समाज कशाला हवा?’ असं कोणी विचारील. त्याचं उत्तर भामचंद्राने दिलं आहे. या डोंगराच्या परिसरात चाकणची औद्योगिक वसाहत येऊन पोचली. शिंदे-वासुलीला डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र येणार म्हटल्यावर २००८ मध्ये गावकऱ्यांनी रस्ते अडवले आणि कीर्तनकार बंडातात्या कराडकरांच्या मागे वारकरी रस्त्यावर उतरले. शेवटी तो प्रकल्प तिथून गेला. कारणं पाण्याची होती, प्रदूषणाची होती, संतभूमीचीही होती. कारणांचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच: तुकोबांच्या एकांताची जागा टाळ-मृदंगाची सवय असलेल्या लोकांनी एकत्र येऊन राखली. एकट्या साधकाला ते जमलं नसतं.

जागेचं जे, तेच वेळेचं. सातची मीटिंग आठवर ढकला, असं एकटा कर्मचारी साहेबाला सांगू शकत नाही. एकटी सून सासूबाईंना ‘आज मी अर्धा तास उठणार नाही’ म्हणू शकत नाही. पण हरिपाठ मंडळाने, सोसायटीच्या भजनी मंडळाने, जैन स्थानकाने किंवा चर्चने आठवड्यातली एक वेळ ठरवली आणि ती सर्वांनी पाळली, तर त्या बाईच्या पाठीशी रीत उभी राहते. ज्ञानदेवांचा हरिपाठ माणसाकडून सुरुवातीला मागतो तो क्षणभरच वेळ. तेव्हा तासाभराच्या ध्यानाचा आग्रह नको. मारुंजीतल्या घरांनी रविवारची वीस मिनिटं घ्यावीत. स्वयंपाक आधी उरकलेला असावा, तोही सगळ्यांनी मिळून. फोन दुसऱ्या खोलीत. लहान मूल चुळबुळ करणारच, त्याला गप्प करण्याचं काम आईवर टाकू नये; बापाने मांडीवर घ्यावं. आजींना ऐकू येत नसेल, तर त्यांना माळ द्यावी.

आणि वीस मिनिटं संपल्यावर पहिलं कोण उठतं, याकडे लक्ष ठेवावं. दर रविवारी चहा ठेवायला तीच एक व्यक्ती उठत असेल, तर त्या घरात बाकीचे शांत बसले आणि तिने फक्त वाट पाहिली. उठण्याची पाळी फिरू लागली, की त्या सवयीला साधना म्हणायला हरकत नाही.