विसावा

घरून निघण्यापूर्वी सुधीरनं चौघांच्या सॅक काट्याला टांगून तोलल्या होत्या. त्याची बारा किलो, मेधाची आठ, ईशाची सहा आणि नऊ वर्षांच्या ओमची तीन. वाटणीत अन्याय नको, हा त्याचा बाणा. रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड ही वाट त्यानं कॉलेजात असताना मित्रांबरोबर केली होती. बायकोमुलांना ती दाखवायचं किती वर्षं डोक्यात होतं. तंबू, शेगडी, शिधा, सगळं आपल्या पाठीवर घेऊन जायचं. डिसेंबरातली रजा जुळून आली आणि निघाले.

वाटाड्या रतनवाडीतलाच घेतला. वय साठीपुढचं, पायात टायरच्या चपला, खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. “कात्राबाईचं रान दाट हाय. ढोरवाटा लई फुटत्यात, मानूस भलतीकडंच जातो,” एवढं सांगून तो चालू लागला.

अमृतेश्वराचं देऊळ मागे पडल्यावर वाट प्रवरेच्या पात्राशी खेळत जाते. रतनगडावर उगम पावलेली ही नदी इथे अजून ओढ्याएवढीच आहे. पात्रातले गुळगुळीत गोटे ओमला फार आवडले. “आई, हे ठेव ना जरा.” पुढे ऊन चढलं तसं ईशाचं जॅकेट आईच्या सॅकमध्ये गेलं. रतनगडाची वाट सोडून खिंडीकडे वळल्यावर झाडी इतकी दाट झाली की दुर्बिणीचा काही उपयोग उरला नाही. “मेधा, तुझ्या वरच्या कप्प्यात जागा आहे ना?” सुधीरनं विचारलं. जागा होती. तिच्याकडे ती नेहमीच असायची. मग ट्रायपॉडही तिकडेच गेला. खाऊ तर पहिल्यापासून तिच्याचजवळ होता, कारण काय कुठे ठेवलंय हे तिलाच ठाऊक.

सुधीरचा नियम होता, अर्धा तास चालायचं आणि थांबायचं. तो सगळ्यांत पुढे असायचा. थांबला की दगडावर टेकायचा, घाम पुसायचा. ओम धावत यायचा, मागून ईशा. मेधा यायची ती दहा मिनिटांनी. आली की सॅक उतरवून लाडूचा डबा काढायची, पाणी द्यायची, ईशाच्या टाचेवरची पट्टी बदलायची, डबा पुन्हा जागच्या जागी ठेवायची. सॅकचे पट्टे आवळेपर्यंत सुधीर घड्याळ बघत उभा राहिलेला असायचा. “चला, फार वेळ बसलो.” त्याचंही खोटं नव्हतं. तो फार वेळ बसलेलाच होता.

खिंडीखालचा चढ अंगावर येतो. करवीच्या वाळक्या काटक्यांमधून वाट वर चढते आणि वाळलेल्या पानांवरून पाय सटकतो. सात वर्षांतून एकदा ही करवी फुलते, हे सुधीर मुलांना मोठ्यानं समजावत होता. मागच्या वळणावर मेधाला फक्त त्याचा आवाज येत होता.

खिंडीत वारा होता. म्हाताऱ्यानं मुलांना आजोबाचा डोंगर दाखवला, तिथल्या वाल्मीकींच्या आश्रमाची गोष्ट सांगितली. लव-कुश त्यांना आजोबा म्हणायचे म्हणून डोंगराचं नाव आजोबा. वरच्या कड्यात सीतेचा पाळणाही आहे. एकटीनं दोन पोरं वाढवलेल्या बाईची ती गोष्ट मुलांनी मन लावून ऐकली. संपली तेव्हा मेधा पोचली.

“सीता कुठे?” तिनं धापा टाकत विचारलं.

“झालं सांगून,” सुधीर उठत म्हणाला. “इतक्यांदा थांबलो, तरी तू मागेच. असंच चाललो तर पाचनईचा मुक्काम हुकणार.”

म्हातारा उठला नाही. तंबाखू मळत म्हणाला, “सायेब, थांबलं कोन?”

“आम्ही सगळेच.”

“तुमी थांबलासा. पोरं थांबली. ताई कवा थांबल्या? त्या आल्या की तुमी उठताय.”

सुधीरनं काही बोलायला तोंड उघडलं, पण म्हातारा तोवर मेधाच्या सॅककडे वळला होता. त्यानं ती एका हातानं उचलून पाहिली, खाली ठेवली. सुधीरची उचलली, खाली ठेवली. बोलला काहीच नाही. मग सुधीरनंच तिची सॅक उचलली आणि लगेच उघडली. जॅकेट, दुर्बीण, ट्रायपॉड, ईशाचं जाड पुस्तक, ओमचे गोटे आणि प्रत्येकाची अर्धी रिकामी झालेली बाटली असं सगळं बाहेर आलं. काट्यावरचे आठ किलो घरच्या दारातच राहिले होते. संसारातल्या हिशेबांचंही असंच होतं. वाटणी एकदाच होते, तीही सुरुवातीला, आणि पुढे ती कुणी तपासत नाही.

मेधालाही नवल वाटलं. आपलंच वय झालं, असं धरून ती सकाळपासून चालत होती.

“माझे गोटे मी घेतो,” ओम म्हणाला. सगळे त्याला झेपेनात. दोन निवडून बाकीचे त्यानं खिंडीतच ओळीनं मांडून ठेवले.

“आता ताई म्होरं,” म्हातारा म्हणाला. “सायेब, तुमी शेवटाला.”

कुमशेतला पोचेपर्यंत दिवे लागले. पाचनईचा बेत मोडला, पण त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. ज्यांच्या अंगणात तंबू ठोकला त्यांनी नागलीच्या भाकऱ्या आणि झणझणीत पिठलं वाढलं, आणि त्या पिठल्यावर मात्र सगळे भरपूर बोलले.

दुसऱ्या दिवशी मुळा नदी ओलांडून पेठेची वाडी, मग पाचनई. सुधीर शेवटी होता. पाठीला ट्रायपॉड, दुर्बीण आणि आपले बारा किलो. पहिल्या विसाव्याला तो पोचला तेव्हा मुलं उठून उभी होती, त्याच्याच शिकवणीप्रमाणे. त्याच्या पोटात खड्डा पडला. मेधा मात्र हलली नाही. “बाबा बसू देत. पाणी पिऊ देत.” तो बसला, पाणी प्यायला. तरी ती उठेना. त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

“निघूया का?” त्यानं विचारलं.

“तुझा दम खाऊन झाला?”

असा प्रश्न आदल्या दिवशी आपण तिला एकदाही विचारला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. बोलून दाखवण्याइतका तो अजून सुधारला नव्हता.

पाचनईहून गडाची वाट उंच कातळभिंतीच्या पोटाखालून जाते. तिथल्या सावलीत मेधा वाटेल तेव्हा थांबली. कधी दम लागला म्हणून, कधी नुसती खालची दरी बघायला. खरं तर पुढे चालणाऱ्या मेधाचा वेग मुळीच कमी नव्हता. म्हाताऱ्यानं सीतेची गोष्ट पुन्हा सांगितली, या खेपेला तिच्यासाठी.

दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी सॅक उतरल्या. ओम आणि ईशा केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात पाय बुडवून किंचाळत परत आली. मेधा देवळाच्या सावलीत पाय पसरून बसली होती.

“मला भूक लागलीय,” ती म्हणाली. “काय आहे खायला?”

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. सकाळी कुमशेतला खाऊही वाटून घेतला होता. चिवडा कुणाच्या सॅकमध्ये गेला, हे एकालाही आठवेना. सुधीरनं आपली सॅक कट्ट्यावर उपडी केली.